शेपूटमामांचा उतार

डोंगरावर माणसं न्यायची तर दोन पगारी माणसं लागतात. एक पुढे, वाट दाखवायला. दुसरा मागे, कुणी राहिलं नाही ना ते बघायला. पुढच्याचे सगळे फोटो काढतात, त्याला झाडांची नावं विचारतात, जाताना त्याचा हात हातात घेतात. मागच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यानं दिवसभर इतरांच्या पाठी बघत चालायचं, कुणाच्या पुढे जायचं नाही, आणि शेवटचा माणूस बसल्याशिवाय बसायचं नाही. या धंद्यात त्याला शेपूट म्हणतात. या गोष्टीतल्या गृहस्थांना शेपूटमामा म्हणत, कारण पुढे चालणारा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता.

एके काळी मामाच पुढे चालत. भाचा तेव्हा नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन कंटाळलेला होता आणि घरी बसून आईचं डोकं खात होता. मामांनी त्याला डोंगरावर नेलं. पाऊल कुठे टाकायचं, पाणी कधी प्यायचं, दमलेल्या माणसाशी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, सगळं शिकवलं. पोरगा तयार झाला. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली, दाराला पाटी लावली, लोकांना भाड्यानं द्यायला बूट आणले, आणि मामांच्या भटकण्याचा रीतसर धंदा केला. मग एक दिवस मामा आपणहून म्हणाले, "तू पुढे हो. मी मागे राहतो."

नातेवाइकांत केवढं कौतुक झालं! केवढं मोठं मन, म्हणे. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या मागे चालण्यासारखी सोयीची जागा दुसरी नाही.

सोय कशी ती बघा. प्रत्येक घोळक्यात एक तरी रखडणारा असतोच. कुणी जाड, कुणी आजारातून उठलेला, कुणी नुसताच बोलघेवडा. त्याच्या मागून मामा हळूहळू चालत आणि लोक म्हणत, काय धीर आहे या माणसाला! चढावर तर काही प्रश्नच नव्हता. गुडघ्याचा खरा वैरी उतार. पण उतारावर हमखास कुणाला तरी बूट चावलेला असे. मामा त्याच्याजवळ बसत, पट्टी लावत, "सावकाश हं, घाई नाही" म्हणत, आणि मग दोघंही सावकाश येत. खाली पोचायला उशीर झाला आणि भाच्यानं विचारलं, "कोण रखडलं?" की मामा काही न बोलता त्या गिऱ्हाइकाकडे हनुवटी करत. दुसऱ्याच्या पायावर आपल्या गुडघ्याचं खापर फोडायची त्यांना इतकी सवय झाली होती की हळूहळू त्यांनाही ते खरंच वाटू लागलं होतं.

या उन्हाळ्यात मात्र फार वेळा उशीर झाला. भाड्याच्या बसचा ड्रायव्हर करवादायला लागला. शेवटी भाच्यानं मामांना खोलीत बोलावून चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच मामांनी ओळखलं.

"मामा, राग मानू नका," तो म्हणाला. "परत एकदा जरी उशीर झाला ना, तर तुम्ही इथं बुटांचं बघा. मागे मी दुसरं कुणी ठेवतो. तुम्हालाही आराम."

आराम! बुटांची खोली मामांना चांगली माहीत होती. रोज सकाळी बूट वाटायचं काम त्यांच्याकडेच होतं, तेवढ्यापुरतेच ते तिथे टिकत. आतल्या बाजूची, बिनखिडकीची खोली. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बूट, आणि प्रत्येक बुटात कुणाच्या तरी पायाचा वास. संध्याकाळी त्यात पावडर मारायची, नाड्या धुवायच्या, तळातला चिखल स्क्रू ड्रायव्हरनं उकरायचा. तिथे एकदा बसलो की संपलो, असं मामांना वाटे. डोंगर गेला तर आपल्याजवळ राहिलं काय, हा प्रश्न ते स्वतःला विचारतच नसत.

पुढच्या सहलीच्या दिवशी सकाळी मामींनी गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरली. मामी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या, त्यांचे हात वाफेनं कायमचे लाल झालेले.

"अहो, सांगून टाका ना त्याला," त्या म्हणाल्या. "भाचाच आहे, कुणी परका नाही."

"तेच तर. परक्याला सांगता आलं असतं."

"मग काय गुडघा गळून पडेपर्यंत थांबणार?"

"हा उन्हाळा जाऊ दे."

"हे तुम्ही मागच्या उन्हाळ्यात म्हणालात." मामींनी पिशवी उचलली आणि पाणी बेसिनमध्ये ओतलं.

मामा घराचा जिना उलटे उतरले. कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, शेजाऱ्यांची दारं उघडायच्या आत. हल्ली रोज तसंच उतरत.

बुटांच्या खोलीत पोचले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुठल्याशा कंपनीतली तरणीताठी पोरं-पोरी आली होती. सगळी सडपातळ, सगळ्यांच्या पायांत स्वतःचे बूट, आणि रस्त्यावर उभ्या उभ्याच उड्या मारत होती. रखडेल असं एकही तोंड दिसेना. आज उतारावर आपल्यापुढे कोण असणार? मामा फळीला टेकून उभे राहिले. दिवस सुरू व्हायच्या आधीच ते दमले होते.

तेवढ्यात एक बाई आल्या. भरल्या अंगाच्या, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनीच सांगून टाकलं की त्या शहर-बसच्या ड्रायव्हर, गेल्याच महिन्यात निवृत्त झाल्या, आणि डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना ही सहल भेट दिली.

"लोक आरामखुर्ची देतात," त्या म्हणाल्या, "आमच्यांनी डोंगरावर पाठवलं. जाता जाता सूड उगवून घेतला." आणि मग जरा हळू आवाजात, "पण मलाही बघायचंच होतं. सगळा जन्म बसून गेला. पायांत अजून काही उरलंय का, तेवढं एकदा कळू दे."

मामांनी त्यांचा पाय बघितला. इतक्या वर्षांनी त्यांना पाय बघून नंबर कळे. त्यांचा हात त्या नंबरच्या फळीकडे गेला, आणि तिथून सरकून खालच्या फळीवर आला. एक नंबर लहान असलेला जोड त्यांनी काढला. बुटाच्या तळावरचा आकडा केव्हाच झिजला होता.

"जरा घट्ट वाटतायत हो," बाई म्हणाल्या.

"चालून सैल होतात."

हे वाक्य मामांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. सपाटीवर जो बूट नुसता घट्ट वाटतो तो उतारावर बोटं खातो, हे त्यांनीच भाच्याला शिकवलं होतं. आता कुणी म्हणेल, चूक झाली असेल, सकाळची घाई, झिजलेला आकडा. चूक वगैरे काही नाही. मामांना उतारावर आपल्यापुढे एक लंगडणारं माणूस हवं होतं, आणि ते त्यांनी करून घेतलं. हात नाड्या बांधत होते तेव्हाही त्यांना आपण काय करतोय ते कळत होतं.

वाट सुरुवातीला झाडीतून जायची आणि मग डोंगराच्या उघड्या दांडावर यायची. ऊन तापलं होतं. वाळलेलं गवत, तापलेले दगड, हवेत धूळ. पोरं भाच्याबरोबर केव्हाच वर गेली होती, त्यांच्या हसण्याचे आवाज तेवढे येत होते. बाई हळू चालत होत्या, मामा त्यांच्या मागे. सगळं मनासारखं चाललं होतं आणि मामांना त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. फक्त थकवा होता. तोही आजचा नव्हे. शिळा, हाडांत जाऊन बसलेला.

बाईंची एक खोड होती. प्रत्येक वळणावर त्या मान वळवून मागे बघत.

"सारखं मागे काय बघता?" मामांनी विचारलं.

"इथं आरसा नाही ना!" बाई हसल्या. "गाडीत कसं, दर थांब्याला आरशात बघायचं. कुणी धावत येतंय का, कुणाचा पदर, पिशवी दारात अडकलीय का. आता डोळे आपोआप तिकडे जातात. घरात सुद्धा. नवरा म्हणतो, स्वयंपाकघरात कुणाला शोधतेस?"

"आमचं उलटं. आम्ही नुसतं पुढं बघायचं."

"आणि तुमच्या मागे कोण बघतं?"

"माझ्यामागे कोण असणार? मीच शेवटचा."

थोडं चालून बाई एका दगडावर टेकल्या आणि बुटावरून हात फिरवला. "पाय सुजले वाटतं माझे. नंबर माझाच आहे ना हा? म्हणजे पायच गेले. वय झालं, दुसरं काय."

मामांना तेव्हाच सांगता आलं असतं. नाड्या सैल करून देता आल्या असत्या. ते म्हणाले, "होतं असं." आणि नजर चुकवून डोंगराकडे बघत उभे राहिले.

धबधबा भर उन्हाळ्यातही आटत नसे. कड्यावरून पाण्याची एकच धार उतरायची, वाऱ्यानं हलायची, आणि खाली काळ्या दगडांच्या डोहात पडायची. जवळ गेलं की अंगावर गार शिंतोडे येत. पोरं कपड्यांसकट पाण्यात शिरली होती आणि गारठ्यानं किंचाळत होती. भाच्यानं पाव आणि उकडलेली अंडी मांडली. मामा सगळे बसल्यावर बसले, पाय लांब करून. गुडघा आता वाकायला तयार नव्हता.

बाईंनी बूट काढले. दोन्ही अंगठे लालबुंद झाले होते आणि एका टाचेला फोड आला होता. पाय डोहात सोडून त्या डोळे मिटून बसल्या. मामांनी हातातला पाव तसाच परत ठेवला. तरी मनाच्या एका कोपऱ्यात हिशेब चालूच होता: फोड आलाय, आता या उतारावर सावकाशच जाणार, जमेल आपल्याला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

निघायची वेळ झाली तशी बाईंनी पिशवीतून साध्या चपला काढल्या. बूट नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले.

"चपलेनं उतरू नका हं," भाचा म्हणाला. "घसराल."

"अहो, डिझेल सांडलेल्या फरशीवर मी चपलेनं जन्म काढलाय. हा तर कोरडा डोंगर."

"बाई, बूटच घाला," मामा मध्येच बोलले. आवाज नको तेवढा मोठा आला. बाईंची काळजी होती की स्वतःची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नको बाई ते. पायांत जीव आलाय जरा." आणि बाई चालू लागल्या.

निघताना भाचा सगळ्यांना मोजायचा. बोट नाचवत, पुटपुटत, एकेका डोक्यावरून. आकडा जमला की तो हात वर करायचा, मागून मामा हात वर करायचे, आणि घोळका हलायचा. या मोजणीत भाचा स्वतःला धरत नसे, मामांनाही धरत नसे. शेपूट मोजायची रीतच नव्हती. शेपूट असतंच, असं सगळे धरून चालत. त्या दिवशीही आकडा जमला, दोन्ही हात वर झाले.

उतारावर बाई भलत्याच चपळ निघाल्या. वजन मागे टाकून, छोटी छोटी पावलं घेत, चपला फटफट वाजवत त्या पोरांच्या मागोमाग गेल्या. मामांनी जमेल तितकं रेटलं. काठीवर भार दिला. तिरकं उतरून बघितलं. पहिल्या वळणावर बाईंची पाठ दिसत होती. दुसऱ्या वळणावर नुसतीच चपलांची फटफट. मग तीही गेली.

डोहाच्या खाली एक दगडी टप्पा होता, मोठाल्या पायऱ्यांसारखा. तिथे मामांनी उजवा पाय खाली टाकला आणि गुडघ्यात काहीतरी अडकलं. पुढे होईना, मागे होईना. डोळ्यांपुढे अंधारी आली. कसेबसे ते तिथेच खाली बसले.

गळ्यात शिट्टी होती. मागे कुणी पडलं, कुणाला लागलं, की शेपटानं शिट्टी मारायची आणि पुढच्यानं थांबायचं. इतकी वर्षं मामांनी दुसऱ्यांसाठी ती कितीदा तरी मारली होती. आता त्यांनी ती ओठांपर्यंत नेली आणि खाली सोडली. स्वतःसाठी शिट्टी मारणारं शेपूट उद्या कुठे बसणार हे ठरलेलंच होतं. बिनखिडकीची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि नाकात तो वास.

आवाज पार विरले. वरून पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मामांच्या लक्षात आलं की मागे राहायला लागल्यापासून डोंगरावर आपल्यापुढे कुणाचीच पाठ नाही, असं आज पहिल्यांदा झालं. त्यांना रडू आलं नाही. इतके दमले होते की रडायचाही कंटाळा आला. मग ते बसल्या बसल्याच सरकू लागले. हात टेकायचे, बूड उचलायचं, खालच्या दगडावर आदळायचं. पँट मागून टर्रकन फाटली. "छान," ते मोठ्यानं म्हणाले, "आता हीच शोभा राहिली होती."

ऊन दांडावरून सरकलं. मामा आणखी दोन-चार दगड खाली आले होते, तेव्हा खालून चपलांची फटफट ऐकू आली. बाई वर येत होत्या. धापा टाकत, तोंड लाल, गळ्यात तेच बूट लोंबत होते.

"बसलात होय इथं!" त्या म्हणाल्या आणि समोरच्या दगडावर धपकन बसल्या. "मी प्रत्येक वळणावर बघत होते. तुम्ही दिसेनाच. म्हटलं येतील. खाली बसपाशी गेलो, तुमच्या भाच्यानं मोजलं आणि म्हणाला, सगळे आले."

"आणि मी?"

"तेच विचारलं मी. तर म्हणाला, मामा येतील हो, ते शेवटीच असतात. कुणी जागचं हललं नाही. मग मी म्हटलं, माझी पाण्याची बाटली वर राहिली. तर लगेच म्हणाला, जा, वाटेत मामा भेटतील, त्यांच्याबरोबर या." बाईंनी कपाळाचा घाम पुसला. "माणसासाठी कुणी हललं नाही, बाटलीसाठी मात्र पूर्ण बस थांबली."

त्यांनी चपला काढून तळवे चोळले. अंगठ्याचं एक नख काळंनिळं झालं होतं. त्या पायांनी ही बाई पुन्हा चढून आली होती. मामांनी ते नख बघितलं आणि त्यांना पुढे गप्प राहवेना.

"ते बूट एक नंबर लहान होते," ते म्हणाले. "मी मुद्दाम दिले."

बाईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"माझा गुडघा गेलाय. उतारावर मला चालवत नाही. पुढचं माणूस लंगडत असलं की माझं खपून जातं. आज लंगडणारं कुणी नव्हतं. म्हणून तुम्हाला लहान बूट दिले."

गळ्यातले बूट काढून बाईंनी मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि मामांना तेच जास्त लागलं.

"पायाचं काही नाही हो. फोड बरा होतो. पण मी सकाळपासून स्वतःला शिव्या घालतेय. माझेच पाय गेले, मीच संपले, उगाच आले. डोहापाशी बसून मी ठरवून टाकलं होतं, आता घरी जायचं आणि टीव्हीपुढे बसायचं. तुम्हाला कळतंय, तुम्ही काय केलंत ते?"

मामांना कळत होतं. ज्या खोलीला आपण स्वतः घाबरत होतो तिच्यात त्यांनी सकाळी सकाळी या बाईंना ढकललं होतं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलंच." बाई उठल्या. बूट परत गळ्यात अडकवले, मामांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. "चला. तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते."

"मी शेपूट आहे, बाई. मी कुणाच्या पुढे..."

"पुढे व्हा म्हटलं ना! मागून बघणारं कुणीतरी असायला पाहिजे. राग आलाय मला, पण म्हणून तुम्हाला इथं ठेवून जाणार नाही."

मामा पुढे झाले. काठी टेकत, जिन्यावर उतरत तसे उलटे, दगडाला धरून, कधी बसून. सपाटी आली की सुलटे होऊन लंगडत. मागून चपलांची फटफट येत होती. मामा थांबले की ती थांबे, निघाले की निघे. मागे कुणी आहे हे किती बरं वाटतं, ते मामांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं लोकांना ते हेच देत आले होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण नुसते मागून चालतो.

बस झाडाखाली उभी होती. ड्रायव्हर दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. पोरं आत पेंगत होती. भाचा तरातरा पुढे आला, पण मामांकडे नाही, बाईंकडे.

"काय हो बाई! एका बाटलीपायी सगळी बस खोळंबली. आणि लंगडताय सुद्धा. मी सांगत होतो ना, चपलेनं उतरू नका? मामांना बिचाऱ्यांना तुमच्यामुळे रखडावं लागलं."

झालं. आयतं सगळं जुळून आलं होतं. शेवटी कोण आलं, तर बाई. लंगडतंय कोण, तर बाई. मामांनी नेहमीसारखी नुसती हनुवटी हलवली असती तरी काम भागलं असतं. गुडघा झाकलेला राहिला असता, डोंगर राहिला असता, निदान हा उन्हाळा तरी. बाईंनी तोंड उघडलं नाही. बाटली कुठेच राहिली नव्हती, हे त्या एका शब्दानं सांगू शकत होत्या. त्या नुसत्या मामांकडे बघत उभ्या राहिल्या, आरशात बघावं तशा.

"त्यांना बोलू नकोस," मामा म्हणाले. "उशीर माझ्यामुळे झाला. माझा गुडघा गेलाय. आणि त्यांच्या पायाचं झालंय तेही माझंच काम. मी त्यांना लहान बूट दिले, माहीत असून."

भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. फाटलेली पँट, सोललेले तळहात, काठीवर टाकलेला सगळा भार, हे त्याला आत्ता दिसलं.

"कधीपासून, मामा?"

"तुला पुढे हो म्हणालो ना, तेव्हापासून."

भाच्याचा चेहरा पडला. मामांनी आपली जागा आपल्याला दिली, ही गोष्ट तो आजवर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत आला होता. मामांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानंही ती घेतली.

मामांची रोजची जागा दाराशी, घडीच्या खुर्चीवर असायची. आज भाच्यानं त्यांना हाताला धरून आत आणलं आणि बाईंच्या शेजारच्या गादीच्या सीटवर बसवलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. राग अजून गेलेला नव्हता. जायला हवा असं मामांनाही वाटत नव्हतं.

"उद्यापासून नुसते बूटच वाटणार का तुम्ही?" बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं.

"हो. दुसरीकडे कुठे जाणार?"

"मग माझ्या नंबरचा एक चांगला जोड बाजूला काढून ठेवा. नख सुधारलं की मी परत येणार आहे. पायांत काय उरलंय ते मला अजून कळलेलं नाही."

"ठेवतो," मामा म्हणाले. "तुम्हाला चालवून बघितल्याशिवाय देणार नाही."

इंजिन सुरू झालं. भाचा पुढे उभा राहिला आणि नेहमीसारखा मोजायला लागला. बोट एकेका डोक्यावरून पुटपुटत पुढे आलं. बाईंवर आलं. एरवी ते तिथून मागच्या सीटवर गेलं असतं. आज ते मामांवर येऊन थांबलं, आणि भाच्याचे ओठ हलले. डोंगरावर ज्यांना सांभाळून न्यायचं असतं त्यांनाच मोजतात, हे त्या दोघांना जितकं ठाऊक होतं तितकं त्या बसमध्ये कुणालाच नव्हतं. मामांनी मान खाली घातली आणि स्वतःला मोजू दिलं.